बंदुकीवरील सिरॅमिक लेप

प्रश्न : अमेरिकेतील शिकारी बंदुकीच्या पोलादी भागांवर घरीच गंजरोधक सिरॅमिक लेप देतात, तो टिकतो का?

उत्तर : सिरॅमिकचे सूक्ष्म कण असलेला आणि भट्टीच्या उष्णतेने पक्का होणारा हा पातळ रंग टिकतो; मात्र त्याचा टिकाऊपणा रंगापेक्षा पूर्वतयारीवर अधिक अवलंबून असतो. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून ती सुटी केल्यावर तिचे भाग अ‍ॅसिटोनने तेलमुक्त करतात आणि अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या कणांच्या माऱ्याने खरबरीत करतात, कारण गुळगुळीत पृष्ठभागावर लेपाची पकड बसत नाही. त्यानंतर सुमारे २५ मायक्रॉन जाडीचा थर फवारून पोलादी भाग साधारणतः १२१ अंश सेल्सिअसला दोन तास भाजतात. नळीचा अंतर्भाग आणि काडतूस बसण्याची पोकळी बुजवून ठेवावी, फवारताना श्वसनमुखवटा वापरावा आणि ती भट्टी स्वयंपाकासाठी कधीही वापरू नये.