टाकळा की कासविंदा?

पावसाळा सुरू झाला की माळावर, रस्त्याच्या कडेला टाकळा उगवतो. त्याच्या कोवळ्या पानांची भाजी कांदा-लसूण घालून करतात.

टाकळ्याच्या शेजारीच कासविंदाही वाढतो. उर्दूत त्याला कसौंदी म्हणतात. हे झुडूप मूळचे अमेरिका खंडातील. आता आपल्याकडे सगळीकडे पसरले आहे. दोन्ही झाडांची फुले पिवळी, म्हणून फसगत होते.

कासविंद्याच्या बिया विषारी असतात. पश्चिम उत्तर प्रदेशात दरवर्षी थंडीच्या सुमारास लहान मुले अचानक आजारी पडत. उलट्या होत, शुद्ध हरपे. अनेक मुले दगावली. हा मेंदूज्वर असावा, असे वाटे. २००७ साली डॉक्टरांनी खरे कारण दाखवून दिले. मुलांनी खेळताना कासविंद्याच्या शेंगांतील बिया खाल्ल्या होत्या.

मग ओळखायचे कसे? टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या सहसा तीन जोड्या असतात आणि त्यांची टोके गोलसर असतात. कासविंद्यात चार ते सहा जोड्या असतात आणि टोके निमुळती असतात. टाकळ्याची शेंग लांब व बारीक, तर कासविंद्याची चपटी असते.

मुलांनो, नुसते वाचून रानभाजी तोडू नका. जाणत्या माणसाला दाखवा. शंका आली तर सोडून द्या. भाजी धुऊन, शिजवूनच खा. अनोळखी शेंगा तोंडात घालू नका आणि धाकट्या भावंडांनाही जपा.

शब्दार्थ : फसगत – फसवणूक, पर्णिका – पानाचा छोटा भाग, दगावणे – मरण पावणे.

स्वाध्याय : टाकळा व कासविंदा यांतील दोन फरक लिहा.