जन्मपूर्व विकास : आईचे आरोग्य आणि गर्भातील बाळाची वाढ



डीएडला असताना बालमानसशास्त्रातला ‘जन्मपूर्व विकास’ हा घटक आपण सगळ्यांनीच पाठ केला. अवस्था, कालावधी, परिणाम करणारे घटक. परीक्षेत उत्तर लिहिले आणि विसरून गेलो. मला तो घटक खऱ्या अर्थाने कळला तो पहिलीचा वर्ग हाती आल्यावर.

त्या वर्षी वर्गात आलेल्या एका मुलाचा वरचा ओठ जन्मतः दुभंगलेला होता. शस्त्रक्रिया झालेली होती, ओठावर बारीक व्रण राहिला होता आणि बोलणे थोडे नाकातून येई. एके दिवशी शाळा सुटल्यावर त्याची आई थांबली आणि हळूच म्हणाली, “बाई, मला सातवा महिना होता, तेव्हा ग्रहण लागलं होतं. मी विळीवर भाजी चिरली. सासूबाई अजून बोलून दाखवतात. माझ्यामुळंच झालं ना हे?”

मला नीट उत्तर देता आले नाही. “तसं नसतं हो ताई,” एवढेच म्हणाले. घरी येऊन जुनी वही काढली. आजचा पाठ म्हणजे तिला द्यायचे राहिलेले उत्तर आहे.

आधी घडण, मग वाढ

गर्भधारणेपासून जन्मापर्यंत साधारण ३८ आठवडे लागतात. त्याच्या तीन अवस्था अशा :

१) बीजावस्था (पहिले २ आठवडे) : फलित पेशीचे विभाजन होते आणि ती गर्भाशयाच्या अस्तरात रुजते.

२) भ्रूणावस्था (३ रा ते ८ वा आठवडा) : हृदय, मेंदू, हात-पाय, डोळे, ओठ यांची घडण होते. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात, ती मज्जानलिका साधारण २८ व्या दिवसापर्यंत बंद होते.

३) गर्भावस्था (९ वा आठवडा ते जन्म) : घडलेले अवयव वाढतात, वजन भरते, मेंदूची वाढ चालूच राहते.

आता त्या आईचा प्रश्न पुन्हा वाचा. वरचा ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळून येतो. ग्रहण सातव्या महिन्यात होते. जो ओठ पाच महिन्यांपूर्वीच घडून गेला, तो विळीने कसा दुभंगेल? ओठ दुभंगण्याचे एकच एक कारण बहुतेक वेळा सापडत नाही. आनुवंशिकता आणि इतर अनेक घटक त्यात मिसळलेले असतात.

बाळापर्यंत काय पोहोचते?

आई आणि बाळ यांच्यामध्ये वार असते. दोघांचे रक्त सहसा एकमेकांत मिसळत नाही, पण प्राणवायू आणि पोषक द्रव्ये वारेतून बाळाकडे जातात. वार काही गोष्टी अडवते, सगळ्या नाही. दारू, निकोटिन, धुरातला कार्बन मोनॉक्साइड, अनेक औषधे आणि काही विषाणू तिच्यातून पार होतात. म्हणजे लक्षात ठेवायच्या गोष्टी दोन : आईच्या रक्तात काय आहे आणि ते कोणत्या आठवड्यात आहे.

परिणाम करणारे घटक

१) आहार : पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून गरोदर मातांचा अभ्यास केला. ज्या माता दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे जास्त वेळा खात होत्या, त्यांच्या बाळांची वाढ चांगली आढळली. म्हणजे नुसते ‘दोन जिवांचं खा’ म्हणून भाकरी वाढवून भागत नाही. ताटात काय आहे तेही बघावे लागते.

२) रक्तक्षय : गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर रक्तक्षय मानतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार देशातल्या ५२.२ टक्के गरोदर महिलांना तो होता. रक्तक्षय वाढला की बाळ कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याचा धोका वाढतो. जन्मवेळी वजन २.५ किलोपेक्षा कमी असेल तर बाळ कमी वजनाचे समजतात.

३) तंबाखू आणि मिश्री : “मी कुठं तंबाखू खाते, नुसती मिश्री लावते” हे आपण रोज ऐकतो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. मुंबईत १,२१७ महिलांचा अभ्यास झाला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले. घरात दुसरा कोणी विडी ओढत असेल तर तो धूरही आईच्या रक्तात उतरतो. चुलीच्या धुराचेही तसेच.

४) दारू : गरोदरपणी दारूचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानलेले नाही. बाळाची वाढ आणि मेंदू, दोन्हींवर परिणाम होतो.

५) औषधे : १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे औषध विक्रीला आले. गरोदर महिला मळमळीवर ते घेत. १९६१ मध्ये तिथे ते बाजारातून काढून घेतले, पण तोवर जगभरात १०,००० हून अधिक बाळांवर परिणाम झाला होता. अनेकांचे हात-पाय अपुरे घडले. त्या आयांनी सुरक्षित समजूनच ते औषध घेतले होते. त्यांचा दोष काय? म्हणून मनाने गोळी घेऊ नये. पण मिरगी, थायरॉइड यांची चालू असलेली औषधे मनाने बंदही करू नयेत. डॉक्टरांना विचारावे.

६) संसर्ग : १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी आईला गरोदरपणी झालेला रुबेला आणि बाळाचा मोतीबिंदू यांचा संबंध दाखवला. २०१८ मध्ये आपल्या शाळांत गोवर-रुबेला लसीकरण झाले, ते आठवते ना? मुलींना टोचलेली ती सुई त्यांच्या उद्याच्या बाळांसाठीही होती.

७) आईचे आजार आणि वय : मधुमेह, उच्च रक्तदाब, थायरॉइडचे विकार वेळेत कळले तर उपचार होतात. आई स्वतःच वाढीच्या वयात असेल तर तिचाही धोका वाढतो आणि बाळाचाही.

शिक्षकांनी काय करावे?

मज्जानलिका २८ व्या दिवशी बंद होते, म्हणजे बहुतेक बायकांना दिवस गेल्याचे नुकतेच कळलेले असते, किंवा कळलेलेही नसते. आशाताईंकडे नाव नोंदवेपर्यंत तो टप्पा मागे पडतो. म्हणून फॉलिक ॲसिडची तयारी आधीपासून हवी.

शाळेत सहावीपासून पुढच्या मुला-मुलींना आठवड्याला दिली जाणारी निळी गोळी लोह आणि फॉलिक ॲसिडचीच असते. ती रजिस्टर भरण्यापुरती देऊ नका. जेवण झाल्यावर, आपल्यासमोर खायला लावा. मुली “बाई, मळमळतं” म्हणतात, तेव्हा रागावू नका. ही गोळी कशासाठी ते समजावून सांगा.

दुसरे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा एकही मूल तपासणीतून सुटू देऊ नका. दुभंगलेला ओठ आणि टाळू यांचा त्यात समावेश आहे आणि पुढचे उपचार मोफत होतात.

पुढच्या पालकसभेनंतर मी त्या आईला बसवून घेतले आणि आठवडे समजावले. तिने बोटांवर महिने मोजले.

“म्हणजे ग्रहणाच्या आधीच झालं होतं?”

“हो ताई. कितीतरी आधी.”

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “बाई, हे एकदा आमच्या घरी येऊन सांगाल का?”

मी गेले. सासूबाईंनी चहा केला, सगळे ऐकून घेतले. पटले की नाही ते बोलल्या नाहीत. पण त्यानंतर तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही, असे तिने मला सांगितले.

सराव प्रश्न

१) जन्मपूर्व विकासाच्या तीन अवस्था कालावधीसह लिहा.
२) भ्रूणावस्था सर्वांत नाजूक का मानतात?
३) ‘मिश्री म्हणजे तंबाखू नव्हे’ असे म्हणणाऱ्या पालकांना तुम्ही काय सांगाल?
४) किशोरवयीन मुलींचे आरोग्य आणि पुढच्या पिढीची वाढ यांचा संबंध उदाहरणासह स्पष्ट करा.