वाढते वय आणि चेंडूचा वेग : सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलामुलींविषयी एक अभ्यास

स्मरणिकेसाठी क्रीडाविषयक लेख लिहिण्याची जबाबदारी संपादक मंडळाने इतिहासाच्या शिक्षकावर टाकली, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु गेली अनेक वर्षे संध्याकाळच्या मैदानावर देखरेखीसाठी उभे राहताना आम्हांला एकच प्रश्न वारंवार ऐकावा लागला आहे. रविवारी भेटीस आलेले पालक विचारतात, “सर, आमच्या मुलीचा चेंडू आता किती जोरात जातो?” या साध्या प्रश्नात एक समजूत दडलेली असते. वय वाढले की वेग वाढलाच पाहिजे, आणि वाढला नाही तर मुलगी मेहनत करीत नाही, ही ती समजूत. या समजुतीची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

खेळाची ओळख

सॉफ्टबॉलचा जन्म 1887 साली अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. एका बोट क्लबमध्ये जमलेल्या तरुणांनी मुष्टियुद्धाचा हातमोजा दोरीने बांधून त्याचा चेंडू केला आणि काठीने तो टोलवला. बेसबॉलचे हे बंदिस्त जागेतील रूप पुढे मैदानावर आले आणि 1926 साली त्याला ‘सॉफ्टबॉल’ हे नाव मिळाले. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकपासून महिलांचा सॉफ्टबॉल ऑलिंपिकमध्ये दाखल झाला. आपल्या राज्यात जळगाव, पुणे, अमरावती अशा जिल्ह्यांनी हा खेळ जोपासला. आज शालेय क्रीडा स्पर्धांत तो खेळला जातो आणि शिवछत्रपती पुरस्कारांच्या यादीत सॉफ्टबॉलपटूंची नावे दिसतात.

नाव ‘सॉफ्ट’ असले तरी चेंडू मऊ नसतो. त्याचा घेर 12 इंच आणि वजन सुमारे 180 ते 200 ग्रॅम असते. पिचर हात पवनचक्कीच्या पात्याप्रमाणे पूर्ण गोल फिरवून कमरेजवळून चेंडू सोडते. महिलांच्या सामन्यात पिचर व बॅटर यांच्यातील अंतर 43 फूट, म्हणजे 13.11 मीटर असते. चेंडू सोडताना पिचरचे पाऊल पुढे पडत असल्याने प्रत्यक्ष अंतर सुमारे 37 फूटच उरते. त्यामुळे ताशी 97 किलोमीटर वेगाचा चेंडू बॅटरपर्यंत पोहोचण्यास सुमारे 0.42 सेकंद लागतात. क्रिकेटमध्ये ताशी 145 किलोमीटर वेगाने टाकलेल्या चेंडूपुढे फलंदाजाला जवळपास एवढाच अवधी मिळतो.

वयानुसार वेग

अमेरिकेत नियमित सराव करणाऱ्या मुलींबाबत प्रशिक्षक काही ढोबळ आकडे गृहीत धरतात. दहाव्या वर्षाच्या आसपास ताशी 55 ते 65 किलोमीटर, बाराव्या वर्षी 70 ते 80, चौदाव्या वर्षी 80 ते 90, सोळाव्या वर्षी 88 ते 97 आणि अठराव्या वर्षानंतर 95 ते 105. अगदी वरच्या दर्जाच्या खेळाडू 110 च्या पुढे जातात. मोनिका ॲबट या अमेरिकन खेळाडूने 2012 साली ताशी सुमारे 124 किलोमीटर वेग नोंदवून विक्रम केला.

हे आकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. दहा ते चौदा या चार वर्षांत वेग सुमारे 25 किलोमीटरने वाढतो, तर चौदा ते अठरा या पुढच्या चार वर्षांत जेमतेम 15 किलोमीटरने. म्हणजे वाढीचा आलेख आधी चढा आणि नंतर सपाट होत जातो. तो सरळ रेषेत कधीच चढत नाही. याचे कारण शरीराच्या वाढीत आहे.

मुलींची उंची सर्वाधिक झपाट्याने वाढते ती साधारण बाराव्या वर्षाच्या सुमारास, आणि मुलांची चौदाव्याच्या सुमारास. हात लांब झाला की त्याच गतीने फिरवला तरी पंजाचा वेग वाढतो. खांद्यापासून पंजापर्यंतचे अंतर 50 सेंटिमीटरवरून 60 झाले आणि फिरण्याची गती तीच राहिली, तर पंजाचा वेग एक पंचमांशाने वाढेल. पण इथेच खरी मेख आहे. लांब झालेला हात जडही होतो, आणि त्याला त्याच गतीने फिरवण्याइतके बळ स्नायूंत लगेच येत नाही. हाडे आधी वाढतात, स्नायूंचे बळ काही महिन्यांनी येते. मधल्या काळात मुलगी अवघडल्यासारखी होते, पाऊल चुकते, चेंडू हातातून उशिरा सुटतो आणि वेग वाढण्याऐवजी काही काळ घटतो. ही घट तात्पुरती असते आणि तीत आळसाचा काही भाग नसतो.

आमच्या हातून घडलेली चूक

हे आम्हांला पुस्तकातून कळण्यापूर्वी एका विद्यार्थिनीने शिकवले. सहावीत असताना तिचा चेंडू साऱ्या वसतिगृहात वेगवान समजला जाई. सातवीच्या वर्षात ती भराभर उंच झाली आणि चेंडू मंदावला. आम्ही तिला सर्वांदेखत बोललो. वडिलांनीही बोल लावले. ती रोज सकाळी एकटीच जादा सराव करू लागली. खांदा दुखतो हे तिने दोन महिने कुणालाच सांगितले नाही. सांगितले तेव्हा डॉक्टरांनी विश्रांतीचा सल्ला दिला, आणि ती परत आली ती पिचर म्हणून नव्हे. “सर, मी मागे क्षेत्ररक्षणाला उभी राहते,” एवढेच ती म्हणाली. ती पुढे शिकली आणि आज नोकरी करते, परंतु ते वाक्य आमच्या मनातून गेलेले नाही. चेंडू का मंदावला, हा प्रश्न शिक्षक असूनही आम्ही स्वतःला विचारला नव्हता.

हात खालून फिरवला जातो म्हणून सॉफ्टबॉलमध्ये खांद्याला इजा होत नाही, असे पूर्वी मानले जाई. पिचर दिवसाला कितीही चेंडू टाको, चालते, अशी धारणा होती. परंतु 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत झालेल्या अभ्यासांनी दाखवून दिले की या पद्धतीतही खांद्यावर येणारा ताण बेसबॉलच्या फेकीशी तुलना करण्याजोगा असतो. त्यात वाढीच्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचा नाजूक थर असतो. मोठ्या माणसाला जो ताण सोसतो, तो त्या थराला सोसेलच असे नाही.

वेग नेमका कुठून येतो?

पुष्कळांना वाटते, वेग हातातून येतो. वास्तविक तो जमिनीतून येतो. मागचा पाय जमीन ढकलतो, पुढचा पाय लांब पडून शरीराला अडवतो, ती शक्ती कमरेतून धडात, धडातून खांद्यात आणि शेवटी मनगटाच्या झटक्यातून चेंडूत उतरते. या साखळीतील एक कडी ढिली असली की भार खांद्यावर पडतो. म्हणून बारा-तेरा वर्षांच्या मुलीला जादा चेंडू टाकायला लावण्यापेक्षा उड्या, पायऱ्या, बैठका आणि पोटाचे व्यायाम देणे हिताचे.

नियंत्रणाची गोष्ट याहून निराळी आहे. वेगाचा आलेख सोळाच्या पुढे सपाट होतो, पण अचूकता आणि चेंडू फिरवण्याची कला पुढे कैक वर्षे वाढत राहते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांला येथे पळवणकर बाळू आठवतात. 1876 साली धारवाड येथे चर्मकार कुटुंबात जन्मलेले बाळू पुण्यातील क्लबात खेळपट्टी सांभाळण्याची नोकरी करीत. जे. जी. ग्रेग या इंग्रज खेळाडूच्या सरावासाठी ते तासन् तास गोलंदाजी करीत. ते वेगवान नव्हते, डावखुरे मंदगती फिरकी गोलंदाज होते. तरीही 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात, वयाच्या पस्तिशीत, त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. वेग शरीर देते, पण त्याला दिशा सराव देतो, हे त्यांच्या चरित्रातून दिसते.

मोजावे कसे?

वेग मोजणारे यंत्र महाग असते, पण मोबाईलवर काम भागते. सेकंदाला 240 चित्रे घेणाऱ्या संथ चित्रीकरणात चेंडू हातातून सुटल्यापासून कॅचरच्या हातमोज्यात पोहोचेपर्यंतची चित्रे मोजावीत. अंतर 11.3 मीटर आणि चित्रे 120 भरली, तर वेळ अर्धा सेकंद आणि वेग ताशी सुमारे 81 किलोमीटर. साध्या चित्रीकरणात सेकंदाला 30 चित्रेच असतात. तेथे एका चित्राची चूक झाली तरी उत्तर पाच-सहा किलोमीटरने बदलते. म्हणून एका फेकीवरून निष्कर्ष काढू नये, दहा फेकींची सरासरी घ्यावी.

आम्ही आता वेगाच्या वहीत आणखी एक रकाना ठेवतो, तो उंचीचा. दर तीन महिन्यांनी वसतिगृहाच्या भिंतीवरील खुणेशी प्रत्येकीची उंची मोजली जाते. एखादीची उंची झपाट्याने वाढताना दिसली की तिच्या फेकींची संख्या कमी केली जाते आणि वेगाबद्दल तिला कुणी काही बोलत नाही.

पालकांना विनंती

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बारा ते चौदा या वयात मुलीचा वेग वाढत असतो, आणि नेमक्या याच वयात पुष्कळ घरांतून निरोप येतो की आता मुलगी मोठी झाली, मैदान पुरे. निसर्ग बळ देऊ लागतो तेव्हाच आपण तिला मैदानावरून घरी नेतो. दुसरीकडे, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील 15 ते 19 वयोगटातील निम्म्याहून अधिक मुलींच्या अंगात रक्त कमी आहे. अशक्त मुलीकडून वेगाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. सुटीत घरी आलेल्या मुलीच्या ताटात नाचणीची भाकरी, मोड आलेली मटकी, पालेभाजी, शेंगदाणे आणि जमेल तेव्हा अंडे असावे, आणि ते भावाच्या ताटाइतकेच असावे.

तळोजाचा पाऊस ओसरला, की दसऱ्याच्या सुमारास आपले मैदान वाळू लागते आणि सराव सुरू होतो. या वर्षी भेटीस आलात तर मुलीला चेंडू किती जोरात जातो हे विचारण्याआधी खांदा दुखतो का, हे विचारा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर वहीत सापडेल. दुसऱ्याचे उत्तर ती तुम्हांलाच देईल, आणि तेही तुम्ही विचारलेत तरच.