संगणकाची एएमसी करताय? करारात काय नाही ते आधी विचारा

“वर्षाचे एवढे द्या, बाकी सगळं आम्ही बघतो.” जालन्याच्या नव्या मोंढ्यातली अडत असो, एमआयडीसीतला कारखाना असो की अंबडचं कृषी सेवा केंद्र, संगणकांच्या देखभालीचा करार बहुतेक वेळा या एका वाक्यावर ठरतो. त्या ‘सगळं’मध्ये काय बसत नाही, ते सही करण्याआधी लिहून घ्या. पुढचा खर्च तिथूनच निघतो.

करार दोन तऱ्हेचे असतात. साध्या एएमसीत फक्त मजुरी येते. पार्ट बदलला की पैसे वेगळे. कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये पार्टही धरलेले असतात, पण यूपीएसची बॅटरी, लॅपटॉपचा अडॅप्टर, टोनर, ड्रम आणि व्होल्टेजने जळालेला माल सहसा त्यातूनही वगळतात. तुमच्याकडे लाइट सारखी ये-जा करत असेल तर हे शेवटचं कलम सगळ्यात महाग पडतं. अर्थिंग आधी तपासून घ्या, बॅटरीचे पैसे वेगळे काढून ठेवा. मशीन कंपनीच्या वॉरंटीत असेल तर कॉम्प्रिहेन्सिव्हचे जादा पैसे देऊ नका.

दर विचारताना एवढं विचाराच: दर एका संगणकाचा की सगळ्यांचा मिळून? प्रिंटर, राउटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, हजेरीचं मशीन त्यात आहे का? वर्षात फेऱ्या किती, त्यापुढच्या फेरीला किती? रविवारी वेगळा आकार आहे का? मंठा, परतूर, भोकरदनला यायचं तर गाडीभाडं कोणाचं? मशीन दुकानात न्यावं लागलं तर स्टँडबाय देणार का? डेटा रिकव्हरी आणि फॉरमॅटनंतर सॉफ्टवेअर पुन्हा टाकणं करारात आहे का?

सांगितलेल्या दरात जीएसटी धरला आहे का, तेही बघा. या सेवेवर 18 टक्के कर आहे. 24,000 रुपयांचा करार 28,320 ला पडतो. तुम्ही कंपोझिशनमध्ये असाल तर या कराचं क्रेडिट मिळत नाही, तो सरळ तुमचा खर्च. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता फुकट तपासता येतो. महाराष्ट्रातला क्रमांक 27 ने सुरू होतो. क्रमांक नसताना कोणी कर लावला तर देऊ नका, तसा अधिकारच त्याला नाही.

आता वेळेचं. गेल्या काही वर्षांत मी पाहिलेल्या करारांत सगळ्यात फसवा शब्द ‘प्रतिसाद’ हा आहे. जूनमध्ये, ऐन पेरणीच्या गर्दीत, ओळखीच्या एका बियाणे दुकानातली हार्ड डिस्क टक-टक आवाज करून बंद पडली. करारात लिहिलं होतं, 24 तासांत प्रतिसाद. फोन 24 तासांच्या आत आलाही; माणूस चौथ्या दिवशी आला. बॅकअप होता, पण तो त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हमध्ये. मालक आणि त्यांचा मुलगा रात्री दुकान बंद करून बिलबुकाच्या कार्बन कॉपीवरून पंधरा दिवसांची बिलं पुन्हा टॅलीत चढवत बसले होते. म्हणून तीन वेळा वेगळ्या लिहून घ्या: फोन किती तासांत, माणूस किती तासांत, आणि काम सुरू किती तासांत. दरमहा रिटर्न भरत असाल तर 11 आणि 20 या तारखांच्या आदल्या दोन दिवसांसाठी वेगळं कलम टाका. जीएसटी रिटर्नला उशीर झाला तर दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क लागतं, ‘निल’ असेल तर 20.

छत्रपती संभाजीनगर जालन्यापासून साधारण 60 किलोमीटर. तिथली मोठी कंपनी स्वस्त वाटली तरी केबल, प्रिंटर, यूपीएससाठी गावातलाच माणूस बरा, असं माझं स्पष्ट मत आहे. तो एकटाच असेल तर आजारपणात किंवा लग्नसराईत त्याच्या जागी कोण येणार, त्याचा नंबर करारात घ्या. सर्व्हरचं काम लांबून केलं तरी चालतं. मात्र एनीडेस्कचा कायमचा पासवर्ड देऊ नका. दर वेळी तुम्ही परवानगी द्यायची.

चाव्या तुमच्याच हातात ठेवा. ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसच्या लॉगिनला 1 एप्रिल 2025 पासून सगळ्यांना ओटीपी लागतो; तो तुमच्या मोबाइलवर यायला हवा, सपोर्टवाल्याच्या नाही. डोमेन, कंपनीचा ईमेल, टॅलीचा सिरीयल नंबर, राउटर आणि डीव्हीआरचा पासवर्ड तुमच्या नावावर आणि तुमच्या वहीत असू द्या. नाहीतर माणूस बदलायच्या दिवशी त्याची किंमत मोजावी लागते.

“टॅली फुकट टाकून देतो” म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. क्रॅक सॉफ्टवेअरसोबत व्हायरस येतो, आणि तक्रार करायला तुमच्याकडे जागा उरत नाही. विंडोज 10 चा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. म्हणून लगेच सगळे संगणक बदलायला कोणी सांगितलं तर थांबा. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ फुकट आहे. मशीन पात्र असेल तर विंडोज 11 ला लायसन्सचे पैसे पडत नाहीत.

कागद म्हणून एवढं पुरे: पॅन, जीएसटी क्रमांक, येणाऱ्या माणसाचं ओळखपत्र, सिरीयल नंबरसह मशीनची यादी आणि वगळलेल्या गोष्टींची यादी. करार स्टॅम्प पेपरवर करायचा तर ऑक्टोबर 2024 पासून 100 ऐवजी 500 रुपयांचा लागतो. हा कागद टाळू नका. व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात सहसा बसत नाही. स्वतःच्या पोटापाण्याचा स्वयंरोजगार असेल तरच ग्राहक आयोगाचं दार उघडं असतं.

वर्षाचे पैसे एकदम देऊ नका, तिमाही द्या. आणि पहिला हप्ता देण्याआधी एक काम सांगा: कालचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवा. नाही उघडला, तर दुसरा माणूस बघा.