वाइड रिसीव्हरची किंमत कशी ठरते?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत असतात. त्यांच्याकडे राहायला गेलो असताना रविवारी अमेरिकन फुटबॉल पाहायची गोडी लागली. एक गोष्ट मात्र उमगत नाही. वाइड रिसीव्हर हा गडी सामन्यात पाच-सात वेळाच चेंडू पकडतो, तरी त्याला वर्षाला तीन-चार कोटी डॉलर मिळतात. डेव्हान्टे ॲडम्सला रेडर्स संघाने १४ कोटी डॉलरचा करार दिला आणि तिसऱ्याच हंगामात सोडून दिले, असे जावई सांगत होते. या खेळाडूंची कामगिरी मोजतात तरी कशी? आणि एवढी रक्कम रास्त असते का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी त्या १४ कोटींची गोष्ट सांगतो, कारण फसगत तिथूनच सुरू होते. मार्च २०२२ मध्ये ॲडम्सचा करार पाच वर्षे आणि १४ कोटी डॉलर असा जाहीर झाला. सरासरी काढली तर वर्षाला २ कोटी ८० लाख. पण शेवटच्या दोन वर्षांपुढे प्रत्येकी साडेतीन कोटींहून मोठी रक्कम मांडलेली होती आणि तिची हमी नव्हती. पहिल्या तीन वर्षांचे मिळून होत होते पावणेसात कोटींच्या आसपास, म्हणजे वर्षाला सव्वादोन कोटी. खरा करार तेवढाच. खेळाडूच्या एजंटला वर्तमानपत्रात मोठा आकडा हवा असतो, संघाला बाहेर पडायची वाट हवी असते. शेवटची फुगवलेली वर्षे दोघांचीही सोय करतात. रेडर्सनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ॲडम्सला न्यूयॉर्क जेट्सकडे दिले आणि जेट्सनी मार्च २०२५ मध्ये त्याला मोकळे केले. शेवटच्या दोन वर्षांचे ते सात कोटी त्याच्या हाती पडलेच नाहीत. ॲडम्सनंतर आठवडाभरातच मायामी संघाने टायरीक हिलशी चार वर्षांचा १२ कोटींचा करार केला, त्यातही शेवटचे वर्ष असेच फुगवलेले होते.

म्हणून या खेळातल्या कराराची बातमी वाचताना दोनच गोष्टी शोधाव्यात. हमीची रक्कम किती, आणि पहिल्या तीन वर्षांत हातात किती पडणार. बाकीची रक्कम द्यायची की नाही, हे पुढे संघ ठरवतो.

दुसरा प्रश्न रकमेच्या आकाराचा. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाला ठरावीक रक्कम असते, तशीच इथेही खेळाडूंच्या पगारावर एक कमाल मर्यादा असते. तिला सॅलरी कॅप म्हणतात. दूरचित्रवाणीच्या हक्कांचे पैसे वाढतात तशी ती वर सरकते. २०१२ साली ती १२ कोटी ६ लाख डॉलर होती, २०२४ मध्ये २५ कोटी ५४ लाख. आता गंमत पाहा. २०१२ मध्ये डेट्रॉइटने केल्व्हिन जॉन्सनला आठ वर्षांचे १३ कोटी २० लाख दिले, म्हणजे वर्षाला १ कोटी ६५ लाख. २०२४ मध्ये मिनेसोटाने जस्टिन जेफरसनला चार वर्षांचे १४ कोटी दिले, म्हणजे वर्षाला साडेतीन कोटी. रक्कम दुपटीहून अधिक झाली. पण त्या-त्या वर्षीच्या मर्यादेशी ताडून पाहिले तर दोन्ही वेळा वाटा १३.७ टक्केच निघतो. बारा वर्षांत सर्वोत्तम रिसीव्हरचा हिस्सा जागचा हलला नाही, हिस्से ज्यातून पडतात ती थैली मोठी झाली. डॉलरच्या आकड्याकडे पाहून डोळे विस्फारण्यापेक्षा टक्का पाहावा, असे मी आग्रहाने सांगतो.

आता कामगिरी. पेपरात येतात ते तीन आकडे : झेल किती, यार्ड किती, टचडाउन किती. ते खोटे नसतात, पण एकट्या रिसीव्हरचेही नसतात. चेंडू फेकतो क्वार्टरबॅक. ॲडम्सचेच पाहू. ग्रीन बे संघात त्याला ॲरन रॉजर्स चेंडू फेकायचा, आणि २०२० व २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षे रॉजर्स लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. २०२१ मध्ये ॲडम्सचे १२३ झेल आणि १,५५३ यार्ड झाले. मग तो रेडर्सकडे गेला तेव्हा शंका रास्तच होती : यातले कर्तृत्व कोणाचे? २०२२ मध्ये त्याला फ्रेस्नो स्टेट विद्यापीठातला जुना जोडीदार डेरेक कार फेकत होता. १०० झेल, १,५१६ यार्ड, १४ टचडाउन. शंका मिटली. पुढच्या वर्षी कार संघात नव्हता, त्याच्या जागी हंगामभरात क्वार्टरबॅक बदलत राहिले. ॲडम्सचे झेल १०३ झाले, म्हणजे तीन वाढलेच. यार्ड मात्र १,१४४ वर आले. झेलामागे १५ यार्ड होते ते ११ झाले. त्याच्या पायांतला वेग एका वर्षात एवढा ओसरला नव्हता, फेकणारा हात बदलला होता.

म्हणून जाणकार झेलापाशी न थांबता धावेपासून मोजायला लागतात. चेंडू फेकण्याच्या प्रत्येक डावात रिसीव्हर आधी ठरलेल्या मार्गाने धावतो, त्याला रूट म्हणतात. सामन्यात तो असे तीसेक रूट धावला आणि त्याला ६० यार्ड मिळाले, तर रूटमागे दोन यार्ड पडले. हंगामभर दोनच्या वर राहणारा गडी उत्तम समजावा. या मोजमापाचा गुण असा, की चेंडू आला नाही ती धावही हिशेबात येते. जो मोकळा होतो त्याच्याकडेच क्वार्टरबॅकची नजर जाते. न आलेला चेंडूही त्याच्याबद्दल काहीतरी सांगत असतो.

मोकळे होणे हीच या कामातली खरी विद्या. खेळाडूंच्या खांद्यांवरच्या पॅडमध्ये चिप बसवलेली असते, त्यावरून झेलाच्या क्षणी रिसीव्हर आणि बचावपटू यांच्यात किती यार्डांचे अंतर होते हे कळते. पण हा आकडाही बेताने वापरावा. जेफरसनसारख्यावर प्रतिस्पर्धी अनेकदा दोन-दोन माणसे लावतात. त्याचे अंतर कमी दिसेल, पण त्या दुसऱ्या माणसामुळे दुसरीकडे कोणी सहकारी एकटा सुटलेला असतो. हे कोणत्याच तक्त्यात त्याच्या नावावर लागत नाही. ॲडम्सची ख्याती पहिल्या दोन पावलांची. समोरचा बचावपटू, म्हणजे कॉर्नरबॅक, छातीला छाती लावून उभा असतो आणि हा पाय असा काही हलवतो, की त्याचे वजन भलत्याच पायावर जाते. टीव्हीवर कॅमेरा चेंडूच्या मागे जातो, त्यामुळे ही कला बहुतेकदा निसटते. पुढच्या वेळी डाव सुरू होताना चेंडूवरची नजर काढा आणि कडेला उभ्या असलेल्या रिसीव्हरच्या पायांकडे पाहा. खेळ वेगळाच दिसेल.

सगळे नीट मोजले तरी एक अडचण उरतेच. पैसे पुढच्या वर्षांचे द्यायचे असतात आणि पुरावा मागच्या वर्षांचा असतो. लॉस एंजलिस रॅम्सच्या कूपर कपने २०२१ मध्ये १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन केले आणि संघाला सुपर बोल जिंकून दिला. २०२२ च्या जूनमध्ये त्याचा करार वाढवला गेला. त्यानंतरच्या तीन हंगामांत दुखापतींनी त्याला एकदाही हजार यार्ड गाठू दिले नाहीत. याच रॅम्सनी २०२३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पुका नाकुआला पाचव्या फेरीत, १७७ व्या क्रमांकावर उचलले. नवोदितांचे पगार ड्राफ्टच्या क्रमांकावरून ठरलेले असतात, त्यामुळे त्याचा चार वर्षांचा करार जेमतेम ४० लाख डॉलरचा होता. पहिल्याच वर्षी त्याने १०५ झेल आणि १,४८६ यार्ड केले, दोन्ही तेव्हा नवोदितांसाठी विक्रम. नामांकित रिसीव्हर दोन महिन्यांत कमावतो तेवढ्यात चार वर्षे. दर वर्षी ड्राफ्टमधून चांगले रिसीव्हर येत असताना तिशीकडे झुकलेल्याला मोठी हमी देणे संघांना जड जाते ते यामुळेच.

मग ॲडम्सचे पैसे रास्त होते का? माझे मत स्पष्ट आहे. त्याने आपला प्रत्येक डॉलर कमावला. चूक विकत घेणाऱ्याची होती. रेडर्सनी त्याच्यासाठी पगाराखेरीज ड्राफ्टच्या पहिल्या आणि दुसऱ्या फेरीतली निवड दिली. २०२२ मध्ये तो १,५१६ यार्ड मिळवत असताना संघ ६ सामने जिंकला आणि ११ हरला, आणि हंगाम संपायच्या आत कारला बाहेर बसवण्यात आले. दुसरीकडे कॅन्सस सिटीने त्याच वर्षी हिलला विकले आणि पुढचे दोन्ही सुपर बोल जिंकले, कारण चेंडू फेकायला त्यांच्याकडे पॅट्रिक माहोम्स होता. ज्या संघाचा क्वार्टरबॅक पक्का नाही, त्याने रिसीव्हरवर मर्यादेचे १३ टक्के घालू नयेत. ते पैसे आधी क्वार्टरबॅककडे आणि त्याचे रक्षण करणाऱ्या फळीकडे जायला हवेत.