फ्लायट्रॅप झोपलंय, उठवू नका

प्रश्न : डिसेंबरपासून माझ्या व्हीनस फ्लायट्रॅपची पानं काळी पडताहेत, सापळे मिटत नाहीत. पाणी वाढवलं, चिमूटभर खतही घातलं. रोप मेलं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी खत थांबवा, त्यानं या रोपाची मुळं जळतात. रोप बहुधा झोपलं आहे. ते मूळचं अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनाच्या पाणथळ जमिनीतलं. हिवाळ्यात तीन-चार महिने त्याची वाढ जवळजवळ थांबते, आणि ही विश्रांती त्याला हवीच असते. मातीखालचा पांढरा कंद हलकेच चाचपून पाहा. घट्ट लागला तर निश्चिंत राहा. लिबलिबीत असेल तर मात्र तो सडलाय.

पुण्याची थंडी त्याला मानवते. कुंडी घरात न घेता उजेडाच्या गॅलरीत ठेवा. माती जेमतेम ओलसर राहू द्या. पाणी पावसाचं किंवा डिस्टिल्ड, नळाचं नको. काळी पानं कापून टाका, किडे भरवू नका. मुंबईसारख्या उबदार गावी काही हौशी लोक रोप फ्रिजमध्ये ठेवतात. जमतं, पण बुरशी सांभाळावी लागते. घटपर्णीवर हा प्रयोग नको. तिला अशी झोप लागतच नाही.

हिवाळा सरताना खतावलेली माती काढून रोप बिनखताच्या पीट-परलाइटमध्ये लावा.