पिकाचे छायाचित्र आणि पानाचा खरा रंग

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील कपाशी, सोयाबीन व संत्रा या पिकांवरील विकृतीची पहिली खूण बहुधा पानाच्या रंगात दिसते. कपाशीवरील लाल्या, सोयाबीनवरील पिवळा मोझॅक ही त्याची परिचित उदाहरणे होत. अशा पानांची छायाचित्रे सल्ल्यासाठी तज्ज्ञांकडे पाठविली जातात. परंतु एकाच झाडाची दोन कॅमेऱ्यांनी काढलेली चित्रे शेजारी ठेवल्यास एकात पान हिरवेगार, तर दुसऱ्यात पिवळट दिसते. अशा चित्रावर विसंबल्यास नको ती फवारणी होऊन पैसा वाया जातो व योग्य उपायाची वेळ टळते.

रंग का बदलतो?

प्रकाशालाही स्वतःचा रंग असतो. तो केल्विन या मापाने सांगतात. भर दुपारचे ऊन सुमारे ५५०० केल्विनचे, तर दिव्याचा पिवळा उजेड सुमारे २८०० केल्विनचा असतो. सावलीतील उजेड निळसर असल्याने त्याचा आकडा उन्हापेक्षा मोठा असतो. मनुष्याचा डोळा या फरकाशी आपोआप जुळवून घेतो. कॅमेरा मात्र अंदाज करतो आणि प्रत्येक कॅमेऱ्याचा अंदाज निराळा असतो.

रॉ म्हणजे कच्च्या स्वरूपाच्या चित्रात पांढऱ्या रंगाचा समतोल मागाहून संगणकावर ठरविता येतो. मोबाईलच्या साध्या चित्रात रंग आधीच पक्के झालेले असतात. ते पुरते सुधारत नाहीत. तथापि कच्च्या चित्रातही एक अडचण राहते. कॅमेऱ्यातील लाल, हिरव्या व निळ्या गाळण्या बनावटीगणिक वेगळ्या असतात. पूर्वी गावोगावची पायली जशी सारखी नसे, तसाच हा प्रकार होय. म्हणून एका कॅमेऱ्याचा आकडा दुसऱ्याच्या चित्रास लावून रंग जुळतीलच असे नाही.

कोणती काळजी घ्यावी?

१. पाहणीच्या आरंभी पानाजवळ छायाचित्रणाची करडी पट्टी धरून एक चित्र घ्यावे. साधा पांढरा कागद शक्यतो टाळावा. त्यातील उजळपणा आणणाऱ्या द्रव्यांमुळे त्यावर निळी झाक येते.

२. कॅमेरा बदलला अथवा ऊन जाऊन ढग आले, की पट्टीचे चित्र पुन्हा घ्यावे.

३. संगणकावर पट्टीच्या करड्या भागावरून समतोल ठरवावा व तो त्याच कॅमेऱ्याच्या, त्याच प्रकाशातील चित्रांनाच लावावा.

४. दोन कॅमेरे नित्य वापरात असल्यास २४ रंगांचा तक्ता टिपून प्रत्येकाची स्वतंत्र रंगजुळणी करून ठेवावी.

५. संत्र्याच्या दाट झाडाखालील प्रकाश पानांतून गाळून येत असल्याने हिरवट असतो. तेथील पान उघड्यावर आणून टिपावे.

केवळ रंगावर विसंबू नये

चित्रासोबत पानाची जागा अवश्य लिहावी. नत्राच्या कमतरतेत पिवळेपणा जुन्या, खालच्या पानांवर प्रथम येतो. लोहाच्या कमतरतेत तो कोवळ्या पानांवर, शिरा हिरव्या राहून येतो. कपाशीचे पान लाल होण्यास मॅग्नेशियमची कमतरता कारण असू शकते, तसेच तुडतुडेही. म्हणून पान उलटून खालची बाजू पाहावी व तिचेही चित्र घ्यावे. शंका उरल्यास पानांचा नमुना अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवावा आणि मगच औषध विकत घ्यावे.